दाबू नकोस, सोड

मे महिन्यात माझी भाची आठ दिवस राहायला आली होती. दुपारची जेवणं झाली की आमचा बदाम सातचा डाव. मी पत्ते पिसायचे ते लहानपणापासूनच्या पद्धतीनं: एका हातात कॅट, दुसऱ्या हातानं थोडे थोडे पत्ते उचलून टाकायचे. तिनं मात्र कॅटचे दोन भाग केले. दोन्ही हातांतल्या पत्त्यांची टोकं फर्रकन एकमेकांत शिरली, मधे कमान उभी राहिली आणि सगळे पत्ते सरसरत खाली बसले. तो आवाज ऐकून मी म्हटलं, "हे मला शिकव."

पहिल्या भागाला रिफल म्हणतात आणि कमानीला ब्रिज. दोन्ही हातांनी करायच्या करामतींत सुरुवात इथूनच करावी.

आधी अंदाजानं २६-२६ पत्त्यांचे दोन भाग करायचे. प्रत्येक हातात अंगठा एका आखूड कडेला. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी समोरच्या कडेला. तर्जनी दुमडून तिचं पेर पत्त्यांच्या पाठीवर टेकवायचं. दोन्ही अंगठे समोरासमोर येतील असे हात जवळ आणायचे, तर्जनीनं किंचित रेटा देत अंगठ्याकडची टोकं वर वाकवायची आणि अंगठे सैल करत पत्ते सोडायचे. टोकं एकमेकांत दीडेक सेंटिमीटरच शिरू द्यावीत. जास्त शिरली की कमान होत नाही.

आता दोन्ही अंगठे वरून त्या सांध्यावर ठेवायचे, बाकीची बोटं खाली. तळव्यांनी दोन्ही बाजू आत ढकलल्या की मधला भाग उचलतो. मग खालची बोटं हळूहळू उघडायची. सर्वांत खालचा पत्ता आधी सुटतो, त्यामागोमाग बाकीचे.

पहिल्या दिवशी माझे पत्ते दिवाणाखालपर्यंत उडाले. मी मुठी आवळून बसले होते. भाची म्हणाली, "मावशी, दाबू नकोस, सोड." मी तीस वर्षं शिवणकाम करते. मशीनवर कापड ओढलं की टाका बिघडतो. कापड मशीनच घेत असतं, आपण नुसती दिशा द्यायची. तिचं बोलणं मला या वाटेनं कळलं. वाकवलेल्या पत्त्याला सरळ व्हायचंच असतं. आपण अंगठा काढला की तो आपणहून जागेवर जातो.

म्हणून पत्ते कसे आहेत याला महत्त्व आहे. चांगल्या पत्त्यात कागदाचे दोन थर मधे डिंक घालून चिकटवलेले असतात, त्यामुळे तो वाकतो आणि परत सरळ होतो. काहींच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात; त्यांत हवा राहते आणि पत्ते एकमेकांना चिकटत नाहीत. हात लहान असेल तर ६३ मिलिमीटर रुंदीच्या पत्त्यांऐवजी ५७ मिलिमीटरचे घ्यावेत. रोज एकाच बाजूला वाकून पत्त्यांना बाक येतो. तो उलट बाजूला हलकेच वाकवून काढावा.

ही नुसती शोभा नाही. पर्सी डायकॉनिस हे अमेरिकेतले गणिती चौदाव्या वर्षी घर सोडून जादूगार डाय व्हर्नन यांच्याबरोबर निघाले होते. पुढे १९९२ साली त्यांनी आणि डेव्ह बेयर यांनी गणितानं दाखवून दिलं की ५२ पत्ते नीट मिसळायला साधारण सात रिफल लागतात. आपल्या नेहमीच्या पिसण्यानं तेवढंच मिसळायचं तर हजारो वेळा पिसावं लागेल.

सराव पलंगावर बसून करा, म्हणजे पडलेले पत्ते लांब जात नाहीत. सुरुवात अर्ध्या कॅटनं करा आणि पहिले दोन दिवस फक्त रिफल. एका वेळी दहा मिनिटं पुरेत. अंगठा दुखला की थांबा. मला पहिली कमान बाराव्या दिवशी जमली. भाची तोवर घरी गेली होती, म्हणून मी तिला फोनवर तो आवाज ऐकवला. तुमच्याही कपाटात एखादा जुना कॅट असेलच. आज दुपारी तो काढा, आणि घरातलं एखादं पोर शेजारी घेऊन बसा.