हातगुण आणि एकोणीस मुद्दे

‘डॉक्टर नावाजलेले आहेत, हातगुण आहे त्यांना. आता काळजी नाही.’ सदाशिव पेठेत कुणाचं ऑपरेशन ठरलं की हे वाक्य ऐकू येतंच. पेरुगेटपासून टिळक रस्त्यापर्यंत घरोघरी चांगल्या डॉक्टरांची नावं तोंडपाठ असतात. कुणाचा गुडघा कुणी केला, कुणाचा मोतीबिंदू कुणाकडे झाला, सगळं ठाऊक. त्याच घरात ‘आजींना कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे?’ असं विचारलं, तर तिघांकडून तीन उत्तरं येतात.

उपचारातली चूक वाईट डॉक्टरच्या हातून होते, तेव्हा डॉक्टर चांगला गाठला की आपण सुटलो, असा हा समज. तो चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं जिवाला मुकतात, म्हणून पुन्हा पुन्हा खोडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेणाऱ्या दर दहा रुग्णांमागे साधारण एकाला उपचारांमधूनच इजा होते आणि त्यातली निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्यासारखी असते. एवढं सगळं अडाणी डॉक्टरांच्या माथी मारता येत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरकडून सकाळच्या सिस्टरला एक गोष्ट सांगायची राहते. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर जुनी गोळी बंद केल्याची नोंद नसते, मग घरी जुनी आणि नवी दोन्ही चालू राहतात. यातल्या एकाही ठिकाणी सर्जनच्या हातगुणाचा उपयोग नाही.

पुरावा हवा असेल तर २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास पाहा. त्याचे सूत्रधार होते सर्जन अतुल गावंडे. त्यांचे डॉक्टर वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातून अमेरिकेत गेलेले. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत या गटानं १९ मुद्द्यांची एक तपासयादी लागू केली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला ऑपरेशन थिएटरबाहेर नेण्याआधी ती मोठ्यानं वाचायची. रुग्ण कोण, ऑपरेशन कोणतं, कोणत्या बाजूचं? ॲलर्जी आहे का? अँटिबायोटिक वेळेत दिलं का? बोळे आणि हत्यारं मोजली का? पहिलीतल्या मुलालाही कळतील असे प्रश्न. ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. हातगुणवाल्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. त्या आठ ठिकाणी कुणी नवे नामवंत सर्जन आणून बसवले नव्हते.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात हीच यादी सक्तीची झाली, तेव्हा मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही, असं २०१४ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालं. यादी छापून टिकमार्क केल्यानं काम भागत नाही. ती खरोखर वाचली जावी लागते. म्हणूनच नातेवाइकांनी आदल्या दिवशी विचारलं पाहिजे: ‘तुमच्याकडे तपासयादी वापरतात का? बाजूवर खूण कधी करता?’ आणि भूल देण्याआधी रुग्णानं स्वतः आपलं नाव आणि ऑपरेशनची बाजू मोठ्यानं सांगितली पाहिजे.

दुसरी धोक्याची जागा आपल्या घरातच असते. औषधांचे होलसेल व्यापारी या पेठेत दाटीनं आहेत, हाक मारावी तिथे मेडिकल आहे, आणि मुलं परगावी किंवा परदेशी असलेले आजी-आजोबा तीन तज्ज्ञांच्या तीन चिठ्ठ्या सांभाळत बसलेले आहेत. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते रोज घेतल्यानं माणसं दगावलेली आहेत. इन्सुलिनचं उदाहरण तर खास आपल्याकडचं. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेलं इन्सुलिन मिळतं, तसंच १०० युनिटचंही मिळतं. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी. शंभरचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट होतो. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो, आणि सगळे म्हणतात, ‘वय झालं होतं.’ हे ऐकलं की संताप येतो.

बाकीचे गैरसमज लवकर आटोपता येतील.

‘प्रश्न विचारले की डॉक्टरांचा अपमान होतो.’ माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची असते. ही सनद कुणी आपण होऊन हातात ठेवलेली नाही. पुण्यातली ‘साथी’ संस्था, जन आरोग्य अभियान, डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला, डॉ. अरुण गद्रे अशा मंडळींनी वर्षानुवर्षं तिचा पाठपुरावा केला. यात बरेचसे स्वतः डॉक्टरच आहेत, हेही लक्षात घ्या.

‘केसपेपर हॉस्पिटलचे, आपल्याला मिळत नाहीत.’ मिळतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात.

‘डॉक्टरविरुद्ध कोर्टात काही टिकत नाही.’ या विषयावर देशभर आजही दाखला दिला जातो तो खटला पुण्यातलाच. १९५३ च्या मे महिन्यात कोकणातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्यात उपचार सुरू असताना तो गेला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं गेलं, हा ठपका १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवला. नुकसानभरपाई तीन हजार रुपये. पण त्यासाठी पंधरा वर्षं गेली आणि मुलगा परत आला नाही, म्हणून माझा सगळा भर आधी विचारण्यावर आहे.

‘रुग्ण दगावला म्हणजे निष्काळजीपणा झालाच.’ नाही, प्रत्येक वाईट परिणाम हा गुन्हा नसतो. २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो.

‘तोडफोड केल्याशिवाय कुणी दखल घेत नाही.’ महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. शिवाय घाबरलेलं रुग्णालय चूक दडपतं, आणि दडपलेली चूक पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येते.

‘औषधाचा दुष्परिणाम फक्त डॉक्टर कळवू शकतात.’ तुम्हीही कळवू शकता. केंद्र सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक आहे १८००-१८०-३०२४.

पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघांना माझी एक कळकळीची विनंती आहे. १७ सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो, पण तोवर थांबू नका. पुढच्याच बैठकीला प्रत्येकानं घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी घेऊन यावं आणि ओळखीच्या फार्मासिस्टला बोलवावं. एकच औषध दोन नावांनी चालू आहे का आणि आठवड्याची गोळी कुणी रोज घेतंय का, एवढंच आधी पाहून घ्या. मग औषधाचं मूळ नाव, डोस, वेळ आणि ॲलर्जी अशी प्रत्येकाची यादी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. एक प्रत पाकिटात ठेवा, दुसरी शेजाऱ्यांकडे द्या.