खिळ्यांच्या गल्लीतील ग्रंथजत्रा

शिकागो म्हटले की मराठी वाचकाला १८९३ ची सर्वधर्मपरिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. ज्या सभागृहात ती परिषद भरली, तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर त्याच काळात एक वेगळीच वसाहत नावारूपाला येत होती. ‘प्रिंटर्स रो’, म्हणजेच मुद्रकांची ओळ, हे तिचे नाव. आज तेथे छपाईयंत्रांचा खडखडाट नाही. मात्र दरवर्षी दोन दिवस या रस्त्यावर ग्रंथांची जत्रा भरते.

१८७१ च्या भीषण आगीनंतर शिकागो नव्याने उभे राहिले. १८८५ मध्ये डिअरबॉर्न स्टेशन सुरू झाले आणि त्याच्या उत्तरेकडील रस्त्यांवर मुद्रक, बांधणीकार व प्रकाशक यांनी आपले बस्तान बसविले. कागदाची अवजड रिळे आणण्यासाठी आणि छापील माल देशभर धाडण्यासाठी रेल्वेचे सान्निध्य मोलाचे होते. या व्यवसायाच्या गरजांनीच तेथील इमारतींना आकार दिला. यंत्रांचा भार पेलण्यासाठी मजबूत तक्तपोशी आणि बारीक खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्यांना उजेड मिळावा म्हणून रुंद खिडक्या, ही त्यांची वैशिष्ट्ये. इमारती अरुंद आणि लांबट असल्याने सूर्यप्रकाश आतपर्यंत पोहोचत असे. फ्रँकलिन बिल्डिंगच्या दर्शनी भागावरील रंगीत फरशीचित्रांत मुद्रणकलेची प्रक्रिया चितारलेली आजही दिसते.

येथील लेकसाइड प्रेस ही आर. आर. डॉनेली कंपनीची वास्तू. या कंपनीने १९०३ पासून नाताळनिमित्त एक सुबक ग्रंथ छापून आपल्या ग्राहकांना व कर्मचाऱ्यांना भेट देण्याची प्रथा सुरू केली. पहिला मान मिळाला बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्राला. फ्रँकलिन स्वतः मुद्रक होता, हे लक्षात घेता निवड किती समर्पक होती हे कळते. यंत्रावर, माफक खर्चातही देखणे पुस्तक घडू शकते, हे त्यामागील सांगणे होते.

काळ मात्र कोणासाठी थांबत नाही. व्यवसाय वाढला तशी बहुमजली इमारत गैरसोयीची ठरू लागली. प्रत्येक टप्प्याला माल वर-खाली न्यावा लागे, तर मोकळ्या जागेवरील बैठ्या कारखान्यात तेच काम एका ओळीत होई. ऑफसेट छपाईने खिळ्यांची सद्दी संपविली. मालवाहतूक ट्रकांकडे गेली. १९७१ मध्ये स्टेशनवरील लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. ज्या कारणांसाठी मुद्रक येथे आले, ती कारणेच उरली नाहीत. रिकाम्या इमारती पाडाव्यात की राखाव्यात, हा प्रश्न शहरापुढे उभा राहिला.

उत्तर पुन्हा इमारतींच्या रचनेतच सापडले. जुळाऱ्यांसाठी ठेवलेल्या रुंद खिडक्या आणि उंच छते निवासासाठीही उपयुक्त ठरली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून छापखान्यांची घरे होऊ लागली. पण घरे झाली म्हणजे वस्ती झाली, असे नव्हे. अनेक वर्षे ओसाड वाटलेल्या भागाकडे लोकांची पावले वळायला हवी होती. म्हणून १९८५ मध्ये ‘निअर साउथ प्लॅनिंग बोर्ड’ या स्थानिक संस्थेने येथे ग्रंथजत्रा भरविली. पुढे काही वर्षे ‘शिकागो ट्रिब्यून’ वृत्तपत्राने ती चालविली आणि तिला ‘प्रिंटर्स रो लिट फेस्ट’ हे नाव मिळाले. त्यानंतर आयोजनाची धुरा पुन्हा मूळ संस्थेकडे आली.

जत्रेत प्रवेश विनामूल्य असतो. रस्त्यावर तंबू उभारले जातात. नव्या पुस्तकांशेजारी जुनी व दुर्मीळ पुस्तके मांडली जातात. लेखकांच्या मुलाखती, काव्यवाचन, मुलांचे कार्यक्रम यांनी परिसर गजबजून जातो. २०२० मध्ये महासाथीमुळे रस्त्यावरील मेळा होऊ शकला नाही. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात तो पुन्हा भरला.

ग्रंथजत्रेने छपाईचा धंदा परत आणला नाही आणि तो तिचा हेतूही नव्हता. तिने परत आणली ती वर्दळ आणि त्या जागेची ओळख. आपल्याकडेही गणपत कृष्णाजींचा छापखाना किंवा १८६९ मध्ये सुरू झालेला जावजी दादाजींचा निर्णयसागर यांनी मुंबईला मुद्रणाचे थोर वैभव दिले. त्या काळच्या गल्ल्यांतून आपण रोज जातो, पण येथे कधी मराठी अक्षराला शाई लागली, हे सांगणारे क्वचितच कोणी भेटते. व्यवसाय बदलतात, यंत्रे भंगारात जातात. पण जागेची स्मृती जपली, तर तिच्यातून नवे भांडवल उभे राहू शकते. शिकागोच्या या छोट्याशा रस्त्याने ते दाखवून दिले आहे.