सॉफ्टवेअरला न दिसणारा खोटेपणा

संशोधनातली नीती विद्यार्थ्यांना शिकवायची कशी, हा आजचा विषय. पीएच.डी.च्या वर्गात हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, किती टक्के चालतं?"

प्रश्न गैर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनीच हे टक्के ठरवून दिलेत. 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. 40 पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. 40 ते 60 असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि त्याच्याही वर गेलं की नोंदणीच रद्द.

पण हे टक्के नेमकं काय मोजतात? शब्दांचं साम्य. आकडे खरे आहेत का, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. मनाने रचलेले आकडे आधी कुठे छापलेलेच नसतात, मग साम्य येणार कुठून?

आपल्या सोलापूरचंच उदाहरण घेऊ. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथंच आहे आणि तेल्या रोगाने बागेचं काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. समजा, एका विद्यार्थ्याने तेल्यावरची एक फवारणी 12 झाडांवर करून पाहिली. आठ झाडांवर डाग कमी झाले, चारांवर नाही. त्याने ती चार झाडं गुपचूप वगळली. वाक्यं सगळी स्वतःची, साम्य 4 टक्के, प्रबंध मंजूर. पण त्या निष्कर्षावर विसंबून शेतकऱ्याने पैसे घातले, तर नुकसान त्याचं.

म्हणजे नमुना वगळूच नये का? तसं नाही. कोणतं झाड वगळायचं हे प्रयोगाआधी लिहून ठेवलं असेल आणि वगळल्याचं कारण प्रबंधात दिलं असेल, तर तो प्रामाणिकपणाच. निकाल बघून वगळलं आणि लपवलं, की ते फॉल्सिफिकेशन.

2019च्या शेवटी आयोगाने पीएच.डी.साठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा 30 तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात वैज्ञानिक वर्तनाला 5 तास आहेत. तेवढ्यात व्याख्या पाठ होतात, सवय लागत नाही. सवय लागते प्रयोगवहीतून. म्हणून आम्ही तीन गोष्टींचा आग्रह धरतो. नोंद त्याच दिवशी, तारखेसह, पेनाने करायची. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे जुना आकडा वाचता येतो. आणि महिन्यातून एकदा वह्यांची अदलाबदल करून, दुसऱ्याच्या नोंदींवरून त्याचा आलेख काढायचा. आलेख जुळला नाही, की चर्चा आपोआप सुरू होते.

आता मार्गदर्शकांविषयी. आपण रोज फक्त "रिझल्ट आला का?" एवढंच विचारलं, तर विद्यार्थी एकच गोष्ट शिकतो, की रिझल्ट आलाच पाहिजे. त्याऐवजी "वही दाखव" म्हणावं. फवारणी चालली नाही, हाही निष्कर्षच आहे, आणि तो लिहिल्याबद्दल विद्यार्थ्याची पदवी अडणार नाही, हा भरवसा आपणच द्यायचा असतो.