अरुंद निवासी रस्ते आणि बसचा वळणमार्ग

- कायदेशीर आधार : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी राज्य शासन, तसेच शासनाने प्राधिकृत केलेली यंत्रणा, विशिष्ट रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालू शकते आणि त्यातूनच बससारख्या वाहनांसाठी पर्यायी रस्ता, म्हणजे वळणमार्ग, ठरतो.
- तात्पुरता व दीर्घकालीन निर्बंध : निर्बंध एक महिन्यापेक्षा अधिक काळ लागू राहणार असल्यास त्याची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते, त्याहून अल्प काळासाठी राजपत्राची अट नसली, तरी स्थानिक प्रसिद्धी आवश्यक असते.
- रस्त्याची रुंदी : मोठ्या शहर बसची रुंदी सुमारे २.६ मीटर असल्याने दोन बस समोरासमोर आल्यास त्यांनाच ५.२ मीटर जागा लागते. आरसे, सुरक्षित अंतर, पादचारी आणि कडेला उभी वाहने यांची जागा त्याखेरीज धरावी लागते.
- वळण : वळताना बसची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात, त्यामुळे सरळ रस्त्यावर मावणारी बस कोपऱ्यावर पदपथाला घासू शकते.
- आवाज : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असून रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली जाते.
- शांतता क्षेत्र : रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो, तेथील मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे.