संशोधनक्षेत्र आणि संशोधनप्रश्न : माटुंग्याच्या रासायनिक अभियांत्रिकी परंपरेचा अभ्यास

प्रस्तावना

विद्यापीठाच्या कोणत्याही विभागाची माहितीपुस्तिका उघडली, की प्राध्यापकांच्या नावापुढे 'संशोधनक्षेत्र' असा एक रकाना आढळतो. रासायनिक अभियांत्रिकी विभागाच्या बाबतीत त्या रकान्यात उत्प्रेरण, विलगीकरण, बहुप्रावस्था प्रवाह, कॅव्हिटेशन अशी नावे असतात. वरवर पाहता ही परस्परांशी संबंध नसलेल्या विषयांची यादी वाटते. परंतु एखाद्या विभागाचा इतिहास समजून घेऊन ती वाचल्यास या विषयांमागे बहुधा एखादा समान प्रश्न उभा असल्याचे दिसते. प्रस्तुत लेखात मुंबईतील माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या उदाहरणावरून हा संबंध स्पष्ट करण्याचा, तसेच महाविद्यालयीन प्राध्यापकांना आपले संशोधनक्षेत्र निवडताना त्यातून काय घेता येईल याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

विभागाची पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग 1933 साली स्थापन झाला. वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या विषयांच्या अध्यापनाने त्याचा प्रारंभ झाला. मुंबईतील कापडगिरण्यांची गरज त्यामागे होती, हे उघड आहे. 1943 मध्ये विभाग माटुंग्याच्या परिसरात आला. 1938 ते 1957 या काळात संचालक असलेले डॉ. के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांच्या रसायनाचे जागतिक कीर्तीचे अभ्यासक होते. म्हणजे विभागाच्या पहिल्या पर्वातील संशोधन कापड आणि रंग या स्थानिक उद्योगांच्या जवळचे होते. पुढे 2008 मध्ये या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला.

रासायनिक अभियांत्रिकीतील संशोधनाला निश्चित दिशा मिळाली ती 1964 नंतर. डॉ. मनमोहन शर्मा हे याच विभागाचे विद्यार्थी. केंब्रिज येथे प्रा. पी. व्ही. डँकवर्ट्स यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. करून ते 1964 साली वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी येथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. 1990 मध्ये त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्यांनी सोबत आणलेला प्रश्न वरकरणी अगदी साधा होता : वायू आणि द्रव परस्परांना भेटतात त्या सीमेवर नेमके काय घडते?

मूळ प्रश्नाचे स्वरूप

वायू द्रवात विरघळून तेथे अभिक्रिया होते, तेव्हा दोन क्रिया एकाच वेळी चालू असतात. एक, वायूचे रेणू आंतरपृष्ठ ओलांडून द्रवात शिरणे आणि दोन, तेथे रासायनिक अभिक्रिया होणे. या दोहोंपैकी मंद कोणती, यावर संपूर्ण पात्राची रचना अवलंबून असते.

अभिक्रिया अतिशय मंद असेल, तर वायू सर्व द्रवात पसरण्यास पुरेसा अवधी मिळतो. अशा वेळी द्रवाचे आकारमान महत्त्वाचे ठरते आणि मोठे पात्र हा योग्य उपाय होतो. अभिक्रियेचा वेग मध्यम असेल, तर वायूच्या शिरण्याचा वेग निर्णायक ठरतो. त्यासाठी ढवळणे उपयोगी पडते. मात्र अभिक्रिया इतकी जलद असेल, की आंतरपृष्ठालगतच्या पातळ थरातच वायू संपून जातो, तर आतील द्रव निष्क्रिय राहतो. तेव्हा महत्त्व उरते ते केवळ आंतरपृष्ठाच्या क्षेत्रफळाला.

हे क्षेत्रफळ कसे वाढते, हे एका साध्या गणिताने पाहता येईल. एक लिटर वायूचे 6 मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले, तर त्यांचे एकूण पृष्ठफळ 1 चौरस मीटर भरते. व्यास 3 मिलिमीटर केल्यास बुडबुड्यांची संख्या आठपट होते आणि पृष्ठफळ 2 चौरस मीटर होते. पण बुडबुडे बारीक करण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. अभिक्रिया मंद असताना असा खर्च करणे म्हणजे वीज वाया घालवणे, तर अभिक्रिया जलद असताना केवळ पात्र मोठे करणे म्हणजे भांडवल वाया घालवणे होय. मूलभूत वाटणाऱ्या या प्रश्नाचे औद्योगिक मोल यातून ध्यानी येईल.

मोजमापाची रासायनिक पद्धती

प्रत्यक्षात ढवळल्या जाणाऱ्या पात्रातील असंख्य बुडबुड्यांचे क्षेत्रफळ मोजायचे कसे? येथे शर्मा आणि डँकवर्ट्स यांनी 1970 मध्ये सविस्तर मांडलेली रासायनिक पद्धती लक्षणीय आहे. अभिक्रिया पुरेशी जलद असेल आणि द्रवातील अभिकारक आंतरपृष्ठालगत संपून जात नसेल, तर दर चौरस सेंटिमीटरमागे शोषल्या जाणाऱ्या वायूचे प्रमाण ढवळण्यावर अवलंबून राहत नाही. ते वायूची विद्राव्यता, विसरणाचा वेग आणि अभिक्रियेचा वेग या राशींवरच ठरते.

म्हणून प्रथम सपाट पृष्ठभाग असलेल्या लहान पात्रात, जेथे क्षेत्रफळ मोजपट्टीने मोजता येते, तेथे हे प्रमाण निश्चित करावयाचे. नंतर तीच अभिक्रिया मोठ्या पात्रात घडवून एकूण शोषण मोजावयाचे. दुसऱ्या संख्येला पहिलीने भागले, की अदृश्य आंतरपृष्ठाचे क्षेत्रफळ हाती येते. कार्बन डायऑक्साइडचे अल्कलीत शोषण आणि सल्फाइटचे ऑक्सिडीकरण या अभिक्रिया यासाठी विशेष प्रचलित झाल्या. सल्फाइटचे मापन तर आयोडीनच्या अनुमापनाने होते. अनुमापन आपल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या रसायनशाळेत शिकवले जाते.

एका प्रश्नाच्या शाखा

या प्रश्नाच्या विद्यार्थिपरंपरेतून पुढे जी संशोधनक्षेत्रे निर्माण झाली, ती या लेखाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहेत.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी शर्मा यांच्याकडे बुडबुड्यांच्या स्तंभातील स्थानांतरणाचा अभ्यास केला व पुढे ते बहुवारिकांच्या प्रवाहाकडे वळले. डॉ. ज्येष्ठराज जोशी यांनी बुडबुडे वर जाताना द्रव कसा फिरतो, हा प्रश्न घेतला. 1979 मध्ये शर्मा यांच्यासह त्यांनी स्तंभातील अभिसरणाचे प्रतिमान मांडले आणि पुढे संगणकीय प्रवाहशास्त्राच्या साहाय्याने हे काम विस्तारले. जोशी यांचे विद्यार्थी डॉ. अनिरुद्ध पंडित यांनी बुडबुड्याच्या अंताकडे लक्ष वळवले. द्रव अरुंद मार्गातून वेगाने नेल्यास दाब घटून पोकळ्या तयार होतात आणि पुढे दाब वाढताच त्या कोसळतात. कोसळण्याच्या क्षणी निर्माण होणारी तीव्र उष्णता व दाब सांडपाण्याच्या शुद्धीकरणासारख्या कामांना लावता येतात. कॅव्हिटेशन हे क्षेत्र ते हेच.

डॉ. गणपती यादव यांनी पाणी आणि सेंद्रिय द्रव यांच्यातील सीमेचा विचार पुढे नेला. एका प्रावस्थेतील आयन दुसऱ्या प्रावस्थेत वाहून नेणारा उत्प्रेरक मिळाला, तर एकमेकांत न मिसळणाऱ्या द्रवांतील पदार्थांची अभिक्रिया घडवता येते. डॉ. विलास गायकर यांनी सीमा ओलांडण्याचा निराळा मार्ग अभ्यासला. पाण्यात न विरघळणारे पदार्थ हायड्रोट्रोप नामक क्षारांच्या संहत द्रावणात विरघळतात आणि पाणी घालून द्रावण विरल करताच पुन्हा बाहेर पडतात. या तत्त्वाने काळ्या मिऱ्यातील पायपरीन वेगळे करण्याचे त्यांच्या गटाचे काम 2002 मध्ये प्रसिद्ध झाले.

आता माहितीपुस्तिकेतील तो रकाना पुन्हा पाहावा. बहुप्रावस्था प्रवाह, कॅव्हिटेशन, उत्प्रेरण, विलगीकरण ही नावे भिन्न असली, तरी दोन प्रावस्थांच्या सीमेवरील व्यवहार हे सूत्र सर्वांत समान आहे.

महाविद्यालयीन संशोधनासाठी बोध

आज महाविद्यालयांतील प्राध्यापकांकडून संशोधनाची अपेक्षा केली जाते, परंतु साधने मर्यादित असतात. अशा स्थितीत चलनात असलेले एखादे नाव संशोधनक्षेत्र म्हणून लिहून टाकण्याचा मोह होतो. विषयाचे नाव आणि संशोधनाचा प्रश्न यांतील फरक येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. 'नॅनो तंत्रज्ञान' हा विषय झाला. 'दोन क्रियांपैकी मंद कोणती?' हा प्रश्न झाला. विषयाला महागडी उपकरणे लागतात असे आपण गृहीत धरतो. प्रश्नाला प्रथम नेमके मोजमाप लागते.

शिवाय चांगला प्रश्न विभागाच्या सीमा मानत नाही. सामान्य तापमानाला हवेच्या संपर्कातील एक लिटर पाण्यात सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजनच विरघळतो. किण्वनपात्रातील जिवाणू, तलावातील मासे आणि सांडपाण्याचे शुद्धीकरण या सर्वांना हीच मर्यादा लागू पडते. म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि रसायनशास्त्र या विभागांतील प्राध्यापक एकाच आंतरपृष्ठाभोवती एकत्र येऊ शकतात.

समारोप

माटुंग्याच्या परंपरेचे यश केवळ गुणवान व्यक्तींवर आधारलेले नव्हते. एक मोजता येण्याजोगा प्रश्न दीर्घकाळ जपला गेला आणि प्रत्येक पिढीने त्याचे निराळे अंग पुढे नेले. विद्यार्थ्याने गुरूचा विषय जसाच्या तसा न गिरवता गुरूचा प्रश्न नव्या ठिकाणी नेला, तरच परंपरा वाढते. अन्यथा तिची केवळ पुनरावृत्ती होते. म्हणून संशोधनक्षेत्राचा रकाना भरण्यापूर्वी 'मी कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत आहे आणि ते माझ्या प्रयोगशाळेत कशाने मोजणार आहे' हे एका वाक्यात लिहून पाहणे प्रत्येक प्राध्यापकास उपयुक्त ठरेल.