माळावरची हुमणी, नदीकाठची हुमणी

उसाचं बेट पिवळं पडतं, हिसका दिला की अलगद हातात येतं. बुडाशी उकरलं तर अर्धगोल वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या. हीच हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची अळी. कोल्हापुरात तिच्या दोन जाती मुख्य आहेत, आणि एकीवर चालणारा उपाय दुसरीवर वाया जातो.

आधी जमीन पाहावी. माळाच्या हलक्या, निचऱ्याच्या रानात होलोट्रिकिया सेराटा आढळते. पंचगंगा, वारणा, कृष्णाकाठच्या गाळाच्या रानात ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. अर्थात, ही हद्द बांधासारखी आखलेली नसते.

म्हणून भुंगेरा हातात घ्यावा. माळावरचा तांबूस तपकिरी, सुमारे दोन सेंटिमीटरचा. नदीकाठचा त्याहून मोठा. त्याच्या अंगावर बारीक खवले असतात, त्यामुळे राखाडी झाक दिसते.

आता वेळ. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की माळावरचे भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथंच मिलन होतं आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत जातात. माद्या मातीतच अंडी घालतात. त्यामुळे त्याच दिवसांत रात्री फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. आठवडाभर उशीर झाला तरी बरीच अंडी मातीत गेलेली असतात. शिवाय एकट्यानं करून भागत नाही, शेजारच्या बांधावरचा कडुनिंब सुटला की भुंगेरे आपल्याच रानात उतरतात.

नदीकाठच्या भुंगेऱ्यासाठी झाडं हलवून उपयोग नाही. तो पाल्यासाठी झाडावर जमत नाही. त्याला मातीतच गाठावं लागतं. ऊस तुटून गेल्यावर खोल नांगरट करावी, वर आलेल्या अळ्या वेचाव्यात. मागून येणारे बगळे हाकलू नयेत. पावसाळ्यात अळ्या लहान असतानाच मेटारायझियम, म्हणजे अळीला रोग लावणारी बुरशी, कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांजवळ द्यावी. मातीत ओल हवीच, कोरड्यात बुरशी वाढत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती पिवळ्या उसाला पाणी कमी पडलं असं समजण्यात. आपण पाळी वाढवतो आणि तेवढ्या दिवसांत अळी मोठी होते. अळी दोनदा कात टाकते. शेवटच्या अवस्थेत ती सर्वांत अधाशी असते आणि औषधालाही लवकर दाद देत नाही.

तेव्हा पाणी सोडण्याआधी पिवळ्या बेटाच्या बुडाशी एकदा खुरपं घालून पाहा.