आईचा खोकला आणि ब्राझीलचा साप

आईला खोकला सुरू झाला तो गणपतीत. कोरडा, घशात पीस अडकल्यासारखा. ना कफ, ना ताप. पण रात्री ढास लागली की ती उठून बसायची. अडुळशाचा काढा झाला, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. खोकल्याची औषधं बाटल्यांनी संपली. एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास एके सकाळी ओट्याच्या कोपऱ्यात आईचा कप आणि ताटली वेगळी ठेवलेली दिसली. विचारलं, तर म्हणाली, "असू दे रे. घरात लहान मूल आहे." तिच्या लहानपणी घरात काकांना क्षय झाला होता आणि त्यांची भांडी अशीच वेगळी असत. मला काही बोलवेना.

त्याच आठवड्यात तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि म्हणाले, "आजी, पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा बघू." त्यातलं एक पाकीट उचलून त्यांनी विचारलं, "ही रामिप्रिल कधीपासून?" श्रावणापासून, रक्तदाबासाठी. "मग हा खोकला छातीचा नव्हे, या गोळीचा असणार."

मी खजील झालो. औषधशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली. या खोकल्याचं कारण मानलं जाणारं ब्रॅडिकायनिन मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! घरात मात्र मला ते ओळखता आलं नाही.

या ब्रॅडिकायनिनची गोष्ट ब्राझीलमधली. साओ पावलो शहरात १९४८ साली रोशा ई सिल्वा, बेराल्दो आणि रोझेनफेल्ड हे तिघे जराराका नावाच्या विषारी सापाच्या दंशाने शरीरात काय घडतं ते पाहत होते. कुत्र्याच्या रक्तद्रवात त्यांनी हे विष मिसळलं आणि ते मिश्रण गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर सोडलं. तुकडा आकसला, पण अगदी सावकाश. ग्रीक भाषेत 'ब्रॅडिस' म्हणजे मंद आणि 'कायनिन' म्हणजे हालवणं. त्यावरून नाव पडलं ब्रॅडिकायनिन. गंमत अशी, की हे द्रव्य सापाचं नव्हतंच. ते रक्तातल्याच एका प्रथिनापासून सुटं झालं होतं. नऊ अमिनो आम्लांची ही इवलीशी माळ आपल्या प्रत्येकाच्या अंगात तयार होते.

ती काम करते पेशींवरच्या ग्राहींमार्फत. ग्राही म्हणजे कुलूप आणि ब्रॅडिकायनिन ही किल्ली. माणसात अशी दोन कुलपं आहेत. बी-२ हे रक्तवाहिन्यांवर आणि मज्जातंतूंवर कायम बसवलेलं असतं. चटका बसताच ते उघडतं. वाहिन्या रुंदावतात, जागा सुजते, ठणका लागतो. बी-१ निरोगी अवयवात जवळजवळ नसतंच. इजा किंवा दाह झाला की काही तासांत पेशी ते नव्याने घडवतात. त्याला किल्लीही शेवटचा मणी गळालेली लागते. बी-२ लवकर थकतं, बी-१ मात्र चिवट असतं. रेंगाळणाऱ्या दुखण्यात त्याचा हात असतो तो यामुळेच. मानवी बी-२ ची जनुकीय ओळख १९९२ साली पटली आणि बी-१ ची १९९४ साली.

काम झाल्यावर ही किल्ली मोडून टाकायला शरीरात एसीई नावाचं विकर असतं. तेच विकर रक्तदाब वाढवणारं अँजिओटेन्सिन-२ हे द्रव्यही तयार करतं. ब्राझीलच्याच सर्जियो फरेरा यांना १९६५ च्या सुमारास जराराकाच्याच विषात ब्रॅडिकायनिनचं मोडणं थांबवणारे घटक सापडले. त्या धाग्यावरून कुशमन आणि ओन्डेटी यांनी कॅप्टोप्रिल घडवलं. अमेरिकेत त्याला १९८१ साली मान्यता मिळाली. सापाच्या विषातून निघालेल्या या वाटेने आजवर असंख्य हृदयं सावरली. रामिप्रिल, एनालाप्रिल ही त्याचीच भावंडं.

पण विकर अडवलं की ब्रॅडिकायनिन साचतं. श्वासनलिकेतले मज्जातंतू त्यामुळे हुळहुळे होतात आणि काहींना असा खोकला लागतो. क्वचित कुणाचे ओठ, जीभ किंवा घसा सुजतो. तसं झालं, तर घरी वाट पाहत न बसता तडक रुग्णालय गाठावं. अशीच सूज काही घराण्यांत उपजत असते. तिच्यासाठी बी-२ कुलूपच बंद करणारं इकॅटिबँट हे औषध युरोपात २००८ साली मान्य झालं.

तुमच्या घरात कुणाला असा कोरडा खोकला असेल, तर गोळीच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का ते बघा. असलं, तरी गोळी मनाने बंद करू नका. रक्तदाब उसळला तर खोकला परवडला म्हणायची पाळी येईल. डॉक्टरांना सांगा, त्यांच्याकडे दुसरी औषधं आहेत.

आईला त्यांनी ब्रॅडिकायनिनला धक्का न लावणारी, वेगळ्या जातीची गोळी दिली. तीन आठवड्यांत रात्रीची ढास थांबली. तरी तिने आणखी आठ दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी तिचा कप सगळ्यांच्या कपांत दिसला आणि नातू त्यातूनच दूध पीत होता.